चाक कुणी धरलं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या गॅरेजात चाक जाम झालेली गाडी येत नाही, तिचा निरोप येतो. जागची हललेलीच नाही ती येणार कशी! निरोप घेऊन आलेल्या माणसाला मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो ना ब्रेकचा असतो, ना इंजिनाचा. ‘किती दिवस उभी होती?’ एवढंच तो विचारतो. उत्तरही बहुधा एकाच वळणाचं असतं. लग्नसराई उरकल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये लावली, मग पेरणी आली, मग पावसाची झड लागली. आज शेगावला जायचं म्हणून काढायला गेलो तर मागचं चाक हलायला तयार नाही. मिस्त्रीचा दुसरा प्रश्न असतो, ‘हँडब्रेक ओढला होता?’ यावर समोरचा माणूस जरा अभिमानानंच सांगतो, ‘हो तर! चांगला घट्ट.’

अर्धं निदान इथंच झालेलं असतं.

हेच दोन प्रश्न दीड हजार किलोमीटरहून दूर, मनालीतल्या एखाद्या हॉटेलच्या अंगणातही विचारले जातात. नाताळच्या सुटीत चिखली-खामगावकडची कुटुंबंही आता स्वतःची गाडी घेऊन थेट हिमाचल गाठतात. रात्री गाडी उताराला लावली, सवयीनं हँडब्रेक ओढला, सकाळी पाहावं तर इंजिन सुरू होतंय, गिअर पडतोय, पण मागचं चाक जमिनीला खिळलेलं. इथं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच असतं, पहिल्याचं मात्र वेगळं : ‘एकच रात्र.’ शेडमधल्या गंजाला जे करायला पावसाळ्याचे दोन महिने लागतात, ते बर्फ एका रात्रीत करतो. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, पाणी. एका ठिकाणी ते लोखंड खातं, दुसऱ्या ठिकाणी स्वतःच घट्ट होऊन बसतं.

बुलढाण्यात पाणी गोठत नाही. शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. जिल्ह्यातले लोक ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशी विभागणी करतात. मलकापूर-नांदुऱ्याच्या मानानं घाटावरच्या चिखली-बुलढाण्याची हवा थंड, हे उन्हाळ्यातही जाणवतं. पण डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली तरी पारा शून्याच्या पुष्कळ वरच थांबतो. महाराष्ट्रात बर्फाची बातमी होते ती महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठची किंवा सातपुड्यात तोरणमाळ-डाब भागातली. वर्तमानपत्रात फोटो येतो : गाडीच्या टपावर पांढरा थर आणि त्यावर बोटानं लिहिलेलं नाव.

या फोटोनं एक गैरसमज होतो. टपावर हिमकण जमले म्हणजे चाकही गोठलं असणार, असं वाटतं. तसं होत नाही. निरभ्र रात्री गाडीचा टप उघड्या आभाळाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हवा दोन-चार अंशांवर असली तरी पत्रा शून्याखाली जातो आणि त्यावरचं दव गोठतं. चाकाच्या आतला ब्रेक मात्र गाडीच्या पोटाखाली, रिमच्या आडोशाला असतो. त्याला आभाळ दिसत नाही. जमिनीची ऊबही त्याला मिळत राहते. त्यामुळे महाबळेश्वरला सकाळी टप खरवडावा लागला तरी चाक बहुतेक नीट फिरतं. ब्रेक गोठायला हवेचाच पारा काही तास शून्याखाली राहावा लागतो आणि आत पाणी शिरलेलं असावं लागतं. मनाली, सिस्सू, केलाँग, लेह इथं ही दोन्ही कलमं पुरी होतात.

पाणी शिरतं कसं, ते बघण्यासारखं आहे. दिवसभर गाडी बर्फाच्या चिखलातून फिरते. चाकांनी उडवलेला भुसभुशीत बर्फ ब्रेकच्या ड्रमवर, रिमच्या आतल्या बाजूला आणि हँडब्रेकच्या केबलवर जाऊन बसतो. ब्रेक लावून लावून ड्रम गरम झालेला असतो, त्यावर हा बर्फ वितळतो आणि पाणी फटीतून आत झिरपतं. ब्रेकच्या लायनरला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांत ते मुरतं. मग संध्याकाळी गाडी थांबते, हँडब्रेक ओढला जातो, लायनर ड्रमला चिकटून बसतो आणि दोघांच्या मधे पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो. रात्री पारा उणे सात-आठवर गेला की तो पापुद्रा डिंकाचं काम करतो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, त्यामुळे केबलच्या बाहेरच्या नळीत, तिच्या खाली लोंबणाऱ्या वळणात साचलेलं थेंबभर पाणीही केबलला आवळून धरतं. लिव्हर सुटतो, केबल सुटत नाही.

आणि नेमका इथंच डॅशबोर्डवरचा लाल दिवा फसवतो. हँडब्रेक खाली केला की दिवा विझतो, म्हणून चालक ब्रेक सुटला असं समजतो. त्या दिव्याचं बटण असतं लिव्हरच्या बुडाशी. लिव्हर खाली गेला एवढंच त्याला कळतं. मागे चाकात काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नसते.

तिकडे मुरलेले चालक म्हणूनच रात्री हँडब्रेकच्या वाटेला जात नाहीत. गाडी शक्यतो सपाटीला लावायची, गिअरमध्ये टाकायची, चाकाला मागून-पुढून दगड लावायचे. कडाक्याच्या थंडीत पार्किंग ब्रेक लावू नका, असं अनेक कंपन्या गाडीसोबतच्या पुस्तिकेतही छापतात. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर येते? गाडी विकताना.

अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला. नऊ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे रोहतांगचा घाट न चढता लाहौलच्या बाजूला उतरता येतं, तेही हिवाळ्यात. पूर्वी जिथं डिसेंबरात फक्त तिथले चालक आणि लष्कराच्या गाड्या असत, तिथं आता महाराष्ट्राच्या पाट्या दिसतात. 2024 च्या डिसेंबरअखेर सोलंग नाला ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीनं शेकडो वाहनं अडकली आणि हजारो पर्यटकांना पोलिसांनी सुखरूप बाहेर काढलं. त्या गोंधळात गाडी ‘अडकली’ या एका शब्दाखाली चार वेगळे आजार जमा झालेले असतात. चाक फिरतंय पण बर्फावर घसरतंय, हा एक. चाक फिरतच नाही, हा दुसरा. टायर साचलेल्या पाण्यासकट जमिनीला गोठलाय, हा तिसरा. आणि इंजिनच सुरू होत नाही, हा चौथा. शेवटचा चाकाचा नव्हेच, तो डिझेलचा किंवा बॅटरीचा. साधं डिझेल अति थंडीत घट्ट होतं म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं. गाडीवाल्यानं आधी हे चार वेगळे करावेत. औषध त्यानंतर.

वेगळे करायला हत्यार लागत नाही. खाली वाकून टायरखाली पाहावं. काल संध्याकाळी गाडी डबक्यात उभी केली असेल तर उत्तर तिथंच दिसतं. मग इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकून क्लच हळूच, अगदी अर्धाच सोडावा. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागचं चाक धरलेलं असेल तर पुढची चाकं ओढायला बघतात आणि गाडीचं बूड खाली बसतं, दावणीला बांधलेलं जनावर ओढ घेताना मागे बसतं तसं. बूड बसलं म्हणजे मागचा ब्रेक. बूड न बसता पुढचं चाक जागीच गरगरलं तर ब्रेकचा दोष नाही, घसरण आहे. काहीच न होता इंजिन बंद पडलं तर पुढचं चाक किंवा त्याकडे जाणारा दांडा तपासावा लागतो. ऑटोमॅटिक गाडी उतारावर आधी ‘पी’मध्ये टाकून मग ब्रेक सोडला असेल तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येतो. तिथं गाडी किंचित चढाकडे ढकलली की तो मोकळा होतो.

मागचा ब्रेक गोठलाय असं ठरलं की पहिला उपाय सगळ्यात सोपा : थोडं पुढे, थोडं मागे. ताकद लावायची नाही, नुसतं डोलवायचं. बऱ्याचदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी सुटते. तो आवाज ऐकून दचकू नये. बर्फाचा पापुद्रा तुटल्याचा तो आवाज. नाही सुटली तर चाकावर, टायरच्या बाजूनं लाकडी ठोकळ्यानं किंवा बुटाच्या टाचेनं चार दणके द्यावेत. तरीही नाही तर ड्रमवर कोमट पाणी ओतावं. उकळतं नको, गार बिडाला त्यानं तडा जाऊ शकतो. आणि पाणी ओतल्यावर लगेच गाडी काढून हलका ब्रेक दाबत दोनेक किलोमीटर चालवावी, म्हणजे ब्रेक घासून कोरडे होतील. ओतलं आणि चहा प्यायला गेले, तर परत येईपर्यंत आधीपेक्षा जास्त बर्फ झालेला असतो. पेटता बोळा किंवा गॅसची ज्योत चाकाजवळ नेणारे वीर सगळीकडे असतात. तिथं रबराचा होज पाइप असतो, ग्रीस असतं, टायर असतो. बर्फ वितळण्याआधी हे पेटतं.

हे झालं पाहुणे म्हणून गेलेल्यांचं. घरच्या आजाराची कहाणी जास्त रंगतदार आहे.

मागचं चाक जाम झालेल्या गाडीचा ड्रम उघडताना पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. मिस्त्री आधी पुढच्या चाकांना दगड लावतो, मागची बाजू जॅकवर घेतो, खाली स्टँड सरकवतो, मग चाक उतरवतो. समोर येतो तो बिडाचा ड्रम, तांबूस, खरखरीत. हातानं ओढून तो येणार नाही हे मिस्त्रीला ठाऊक असतं. अनेक गाड्यांच्या ड्रमला आटे पाडलेली दोन छिद्रं असतात, ती कशाला ठेवलीत ते मालकाला आयुष्यभर कळत नाही. मिस्त्री त्यांत दोन बोल्ट घालतो आणि आळीपाळीनं, एकदा इकडे अर्धा फेरा, एकदा तिकडे, असे आवळत जातो. मधेमधे हातोडीनं ड्रमच्या कडेला टकटक. ड्रम कुरकुरत बाहेर येतो. आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा, वर व्हील सिलिंडर आणि सगळ्यावर विटेच्या भुकटीसारखा गंज. ड्रमच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर शूची छाप उमटलेली असते. कडेला गंजाची किनार, मधे लायनरचा काळा ठसा. कधी ठसाच नव्हे तर अख्खा लायनर ड्रमला चिकटून राहिलेला असतो आणि शू नागडा बाहेर येतो. गाडी जबरदस्तीनं ओढून काढली की असं होतं. चाक सुटतं आणि मालक खूश होतो. लायनरचा सुटा तुकडा मात्र आत खडखडत राहतो आणि पुढच्या एखाद्या उतारावर आडवा पडतो.

ही भुकटी तोंडानं फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. ओल्या फडक्यानं पुसावी.

मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हा आजार देशभर एकदमच उमटला. दोन-दोन महिने गाड्या हलल्याच नाहीत. गाडी कंपन्यांनाही सांगावं लागलं की हँडब्रेक सोडून ठेवा, गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा. शहरातल्या लोकांना तो नवा धडा होता. शेतकऱ्याच्या घरची गाडी दर पावसाळ्यात अशीच छोटी टाळेबंदी पाळते.

बुलढाणा जिल्ह्यात या गंजाला दोन खास साथीदार मिळतात. पहिला म्हणजे खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूर-जळगाव जामोद भागात खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं. पिण्याला नाही, ओलिताला नाही, मग निदान गाडी धुवायला तरी होतं म्हणून लोक त्याच बोअरच्या पाण्याची धार चाकांवर मारतात. क्षार मिसळलेल्या पाण्यातून वीजभारित कण सहज फिरतात, त्यामुळे लोखंड गंजण्याची क्रिया कितीतरी वेगानं होते. गंमत बघा, कॅनडा-अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं दर हिवाळ्यानंतर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घेतात, कारण बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचं बूड खातं. तिथं मीठ टाळायला धुतात, इथं धुण्यातूनच मीठ लागतं! खारपाणपट्ट्यातल्या माणसानं गाडी धुतली तर शेवटची बादली गोड्या पाण्याची टाकावी आणि धुतल्या धुतल्या शेडमध्ये लावू नये. फाट्यापर्यंत चालवून, ब्रेक दाबून, चाकं कोरडी करून मग लावावी.

दुसरा साथीदार काळी माती. पांदण रस्त्यानं पावसात शेतात गेलेली जीप किंवा बोलेरो परत येते तेव्हा तिचं चाक चाक राहत नाही, चिखलाचा गोळा होतो. ही माती ओली असताना फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. सुकली की आकसते आणि दगड होते. रिम आणि ब्रेक यांच्या मधल्या जागेत भरलेली काळी माती दोन दिवस ऊन खाऊन घट्ट झाली की तिच्यात आणि मनालीतल्या गोठलेल्या बर्फात चाकाच्या दृष्टीनं काही फरक नसतो. मिस्त्रीकडे फोन करण्याआधी टॉर्च मारून चाकाच्या आतल्या बाजूला पाहावं. कितीतरी ‘जाम’ चाकं खुरप्यानं सुटलेली आहेत.

तिसरी एक गोष्ट घाटाची. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो. घाट उतरेपर्यंत ज्याचा पाय ब्रेकवरून निघत नाही, त्याचे ड्रम खाली पोचेतो तापलेले असतात. तापलेलं लोखंड फुगतं. 200 मिलिमीटर व्यासाचा ड्रम दीडशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरनं वाढतो. वहीच्या पुठ्ठ्याएवढी ही वाढ. पण ब्रेकच्या आतली फटदेखील तेवढीच असते. अशा फुगलेल्या ड्रमवर घट्ट हँडब्रेक ओढून माणूस चहाला गेला की ड्रम गार होत आकसतो आणि शूला आवळतो. ही विद्या आपल्या लोहारांना मोटार येण्याच्या फार आधीपासून माहीत होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि वरून पाणी मारायचं. आकसलेली धाव चाकाला अशी आवळते की एक खिळा लागत नाही. तिथं हे मुद्दाम करतात, इथं नकळत होतं. केबल चांगली असेल तर लिव्हर सोडल्यावर ड्रम सुटतोही. केबल गंजलेली असेल तर अडकतो. घाट उतरून थांबायचं असेल तर गिअर आणि दगड हाच मार्ग. घाटात खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरायला लावली, तर ड्रम एवढा तापतच नाही.

गॅरेजातलं निदान पुढे कसं जातं हे मालकानं समजून घेतलं तर बिलाकडे पाहायची दृष्टी बदलते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, मागची दोन्ही चाकं उचललेली. दोन्ही जाम असतील तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे लिव्हर आणि तिथून निघणाऱ्या केबलमध्ये. एकच जाम असेल तर त्या चाकाच्या घरात. मग मिस्त्री लिव्हरपाशी केबल सैल करतो. चाक फिरलं? केबल दोषी. नाही फिरलं? तो ब्रेकमधलं ऑइल काढायचं ब्लीडिंग निपल किंचित उघडतो. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर आत दाब अडकून पडला होता. बहुधा होज पाइप आतून फुगून बंद झालेला असतो, बाहेरून तो ठणठणीत दिसतो. निपल उघडूनही चाक ढिम्म राहिलं तर दोष यांत्रिक : गंजलेला शू, अडकलेला पिस्टन किंवा बेअरिंग. बेअरिंगची ओळख वेगळी. ते एका रात्रीत जाम होत नाही, आधी कित्येक दिवस गुरगुरतं, वेग वाढला की आवाज वाढतो, आणि उचललेलं चाक वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळतं. असा बेअरिंगचा आवाज रेडिओखाली दडवणारे लोक आहेत. चाक निखळेपर्यंत तो दडतो.

ब्रेक ऑइलचा इथं छुपा वाटा असतो. ते हवेतली ओल पितं. नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. ओल पिऊन झाल्यावर 140 पर्यंत उतरला तरी तो मानकात बसतो. उतारावर ब्रेक ‘मऊ’ पडतो त्याचं कारण अनेकदा हे. पण तीच ओल पिस्टनला आणि सिलिंडरला आतून गंजवते, मग दाबलेला पिस्टन मागे यायचा विसरतो आणि पुढचं चाक ‘धरायला’ लागतं. चहासारखं काळं पडलेलं ऑइल बदलायचा खर्च किरकोळ आहे. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं.

जाम होण्याआधी चाक बहुतेकदा धरायला लागतं, आणि ते ओळखता येतं. आठ-दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून गाडी थांबवावी आणि चारही रिमांजवळ तळहाताची मागची बाजू न्यावी. तीन कोमट आणि एक झळ मारणारं असेल तर तेच. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी नेहमीपेक्षा लवकर थांबते, गाडी एका बाजूला ओढते, जळकट वास येतो, पेट्रोल जास्त लागतं. यातलं एक जरी जाणवलं तरी वाट पाहू नये.

ट्रकची गोष्ट उलटी. मलकापूर-नांदुरा-खामगाव पट्ट्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर उभ्या असलेल्या ट्रकचं चाक जाम दिसलं तर ते बिघडलंय असं समजायची घाई करू नये. मोठ्या ट्रकचा पार्किंग ब्रेक जोरकस स्प्रिंगनं लागतो आणि हवेच्या दाबानं सुटतो. टाकीत पुरेशी हवा भरली नाही तोवर चाकं धरलेलीच राहणार. म्हणून चालक सकाळी इंजिन चालू ठेवून काट्याकडे बघत बसतो. हवेसोबत टाकीत पाणीही साचतं. आपल्याकडे त्यानं गंज होतो, लेहच्या वाटेवर त्याचा बर्फ होऊन वाल्व बंद पडतो आणि ट्रक जागीच रुततो. उत्तरेला जाणारे चालक टाकीखालचा वाल्व रोज ओढून पाणी काढून टाकतात ते याचसाठी.

घरच्या गाडीसाठी करायचं ते थोडकं आहे. झड लागण्याआधी ती सपाट जागी लावावी, पहिल्या गिअरमध्ये टाकावी, हँडब्रेक खाली ठेवावा, चाकाच्या पुढे-मागे दगड लावावेत आणि पंधरा दिवसांतून एकदा फाट्यापर्यंत नेऊन आणावी. मनालीला जाणाऱ्यांनीही रात्री हेच करावं. आणि निघताना दगड काढायला विसरू नये. चाक जाम झाल्याचा निरोप आला म्हणून धावत गेलेल्या मिस्त्रीला काही वेळा चाकाखाली तोच दगड सापडतो.